चौदा पिढ्यांचे घरमालक

नील, रेवा,

तुम्ही दोघांनी पाठवलेला, तुमच्या डीएनए तपासणीचा रंगीत गोल मिळाला. हिरवा भाग इकडचा, केशरी तिकडचा आणि एक निळी चीर कुठलीच नक्की नाही अशी. "आजी, तूपण नळीत थुंक, मग आपलं चित्र पूर्ण होईल," असं रेवाने लिहिलं आहे. मी थुंकणार नाही. मला कसली भीती नाही, आणि उभं आयुष्य कॉलेजात जीवशास्त्र शिकवल्यामुळे त्या नळीचं पुढे काय होतं हे मला तुमच्यापेक्षा बरं कळतं. तरी नाही. याला कारण चंद्रपूरचे आमचे घरमालक.

तुमच्या बाबांना विचाराल तर ते म्हणतील, फार प्रेमळ म्हातारा होता, मला भोवरे करून द्यायचा. मुलांना माणसं अशीच आठवतात. मला सगळं क्रमाने लावायची सवय आहे, माझ्या कपाटात आजही टाचण्या एका डबीत आणि सेफ्टी पिना दुसऱ्या डबीत असतात. पण हा माणूस क्रमाने आठवत नाही. आठवतो तेव्हा आधी माझा राग येतो आणि त्याच्या मागून तो येतो.

चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांनी बांधलेली दगडी भिंत आहे, तिला परकोट म्हणतात. मालकांच्या परसाची मागची बाजू म्हणजे हा परकोटच. त्याच्यात त्यांनी जाडजूड खिळे ठोकून कपडे वाळत घालायच्या तारा ओढल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, तेव्हा त्यांनी मला परस दाखवला आणि भिंतीवर थाप मारून म्हणाले, "हे गोंड राजाचं. आपलं काई नाई याच्यात. आमी इथले नाई."

"आमी इथले नाई" हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. त्यांचे पूर्वज म्हणे साताऱ्याकडून नागपूरच्या राजाच्या फौजेबरोबर आले आणि पुढे इकडे राहून गेले. म्हणजे दोनअडीचशे वर्षांपूर्वी आलेला माणूस अजून पाहुणा होता. हे सगळं ते ज्या बोलीत सांगत ती मात्र अशी अस्सल इकडची, झाडीपट्टीची, की साताऱ्याच्या माणसाने दुभाषा मागितला असता.

सकाळी विहिरीच्या खांबाला आरसा अडकवून दाढी करताना ते पूर्वजांची नावं म्हणत. वडील, आजोबा, पणजोबा, असे मागे मागे जात चौदावा पुरुष गाठायचा आणि मग गालाला तुरटी लावायची. आवाज वरपर्यंत येई. तुमचे बाबा जिन्यात बसून त्यांच्याबरोबर सगळी नावं म्हणत, आणि एकदा शाळेत बाईंनी पाढे म्हणायला सांगितले तेव्हा त्यांनी ही नावं म्हटली.

कोणीही दारात आलं की नमस्काराऐवजी मालक विचारत, "मूळचे कुठले?" पोस्टमनला, दूधवाल्याला, मीटर पाहायला आलेल्याला. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याशी झालेलं बोलणं मी वरून ऐकलं आहे.

"मूळचा कुठला रे?"

"बल्लारपूरचा जी."

"त्याच्या आदी?"

"त्याच्या आदी गॅस नोहोता जी."

मलाही पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, वर्ध्याची. त्याच्या आधी? मी सरळ उभी राहून सांगितलं, "माझ्या वडलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. आम्ही तिथून मोजतो."

त्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वरच्या खोल्या उन्हाळ्यात लय तापतात, मॅडमबाई. जमन का?" जमेल म्हटलं. घर त्यांनी दिलं, हे खरं. माझ्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, हेही खरं. कॅलिफोर्नियाहून त्यांच्या मुलाची पत्रं येत, सूनबाई इंग्रजीत चार ओळी लिही, त्या वाचायला त्यांना मी लागे. बँकेचं पत्र, औषधाची चिठ्ठी, सगळं माझ्याकडे. माझं इंग्रजी त्यांना चालायचं, माझा पेला चालत नव्हता. नागपूरला जातानासुद्धा स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची तांब्याची कळशी, तोंडाला फडकं बांधून, बरोबर नेत.

आणि याच माणसाने, तुमच्या आजोबांना मलेरियाचा ताप डोक्यात गेला होता तेव्हा, भर मे महिन्याच्या दुपारी सायकलवरून पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून संध्याकाळपर्यंत ती फोडत राहिले आणि तुकडे माझ्याकडे देत राहिले. उंबरा मात्र ओलांडला नाही. आता अशा माणसाचे आभार मानायचे की त्याच्यावर ओरडायचं? मी आभार मानले. ओरडायचं राहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

पावसाळ्यात त्यांच्याकडे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी होई. इकडे त्यांना वास्ते म्हणतात. ती त्यांच्या आईच्या हातची पद्धत, कोंब किसून, पाण्यात घालून, कडवटपणा काढून करायची. "हे आमच्या साताऱ्याकडचं," असं ते मला तोंड भरून सांगत. मी एकदा विचारलं, भाऊ, तुम्ही गेलाय का कधी साताऱ्याला? त्यांनी ऐकलंच नाही असं केलं.

आता मुख्य गोष्ट. त्यांची बायको लवकर वारली होती. मुलगा अमेरिकेत, आणि धाकटी अर्चना एटापल्लीकडे सरकारी दवाखान्यात नर्स. तिथे तिची मनोहरशी ओळख झाली. तो गुरांचा डॉक्टर, त्याच भागातल्या एका गावचा, गोंड. शांत मुलगा. अर्चनाने वडलांना सरळ सांगितलं. मी तिथेच होते, कारण त्या दिवशी अमेरिकेचं पत्र आलं होतं.

"बाबा, डॉक्टर आहे तो."

"ढोरायचा."

"माणसांचा असता तर चालला असता?"

"माणसायचा असता तरी गोंडच असता ना."

एवढं बोलून ते पंचा खांद्यावर टाकून विहिरीकडे गेले. मी अर्चनाला म्हटलं, कायद्याने तू सज्ञान आहेस, नोंदणी करा आणि मोकळे व्हा. ती म्हणाली, "ते तं कधीबी होईन मॅडमबाई. मी गेली तं ते म्हणतीन, पोट्टी गेली, मेली. त्यांना इतकं सोपं काऊन करून देऊ? मांडवात येऊन बसतीन ते. तोपर्यंत मी थांबते."

आणि ती थांबली. सुट्टीत घरी यायची, वडलांचे सदरे इस्त्री करायची, विषय काढायची, नकार ऐकायची आणि परत जायची. तिच्या वयाच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली. मनोहरही थांबला. त्याच्या घरचे म्हणत होते, मुलीकडचा बाप आल्याशिवाय आम्हीही पुढे होणार नाही, आम्हाला पळवून आणलेली सून नको. दोन घरं एका म्हाताऱ्यासाठी अडून होती, आणि म्हातारा रोज सकाळी दाढी करत चौदा नावं म्हणत होता.

अशात त्यांच्या मुलाने अमेरिकेहून तुमच्यासारख्याच तपासणीचं पाकीट पाठवलं. तेव्हा हे नवीनच निघालं होतं. गालाच्या आतून फिरवायच्या काड्या, त्या ठेवायच्या बारीक नळ्या आणि इंग्रजीत सूचना. मुलाला वाटलं, बाबांना पूर्वजांचं वेड आहे, वाढदिवसाला यापेक्षा चांगलं काय देणार. मालकांना तर आभाळ ठेंगणं झालं. आता साताऱ्यावर अमेरिकेचा शिक्का बसणार होता. त्यांनी आंघोळ केली, पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसले आणि मला जिन्यातून सूचना वाचायला लावल्या.

सूचना वाचतानाच माझ्या लक्षात आलं की मुलाने घाईत आईकडची तपासणी मागवली आहे. आईची आई, तिची आई, एवढीच रेषा तिच्यात दिसते. वडील, आजोबा यांचा तिच्याशी काही संबंध नाही. मी हे दोनदा सांगितलं.

"काई हरकत नाई," ते काडी गालात धरून म्हणाले. "मायबी तिकडचीच होती."

उत्तर यायला बरेच महिने लागले. मुलाने ते पाठवलं, मी कॉलेजात छापून घेतलं आणि परसात उभं राहून त्यांना मराठीत सांगितलं. ही रेषा मध्य भारतातल्या जंगलांत फार पूर्वीपासून राहणाऱ्या लोकांमध्ये जास्त सापडते, असं त्यात होतं.

"म्हणजे कोण?"

"म्हणजे गोंड, माडिया, कोलाम. अशी माणसं."

"साताऱ्याचं काई नाई?"

"साताऱ्याचं यात येणारच नव्हतं, भाऊ. हे फक्त आईकडचं आहे. आणि यावरून अमुकच जात असं म्हणता येत नाही. अशा रेषा देशभर पसरलेल्या आहेत. माझा गाल तपासला तर माझीही हीच निघेल कदाचित."

"तुमची?" ते म्हणाले, आणि खाली विहिरीच्या ओट्यावर बसले. गोंड निघाल्याचा धक्का मोठा होता की माझ्याशी नातं निघायच्या शक्यतेचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते अर्चनाला घेऊन सिंदेवाहीला गेले. तिथे त्यांची सख्खी मावशी होती, नव्वदीच्या आसपासची, पण डोकं साफ. काय झालं ते मला अर्चनाने येऊन सांगितलं. मावशीने कागदाकडे पाहिलंही नाही. "माही आजी ना?" म्हणाली. "तुह्या मायच्या मायची माय. ते तं गोंडीनच होती. कोंबड्याइले गोंडीत हाका मारे. आमी मराठीत बोलावलं तं एक कोंबडी येत नोहोती."

"मंग मले कोणी काऊन नाई सांगतलं?"

"तुनं कधी इचारलं? तू तं बाप्यायचीच नावं पाठ करत होता."

आता तुम्ही सांगा, यानंतर माणूस काय विचारेल? तिचं नाव काय होतं, हे विचारेल. ती दिसायला कशी होती, आपल्या घरात कशी आली, तिला कोणी छळलं का, हे विचारेल. मालकांनी विचारलं, "कोणत्या राजाच्या घरची होती?" मावशी हसली आणि कूस बदलून झोपली.

परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, भाऊ, परत जा आणि तिचं नाव विचारून या. मावशी काही कायमची नाही. ते म्हणाले, "नावाचं काय एवढं? घराणं पायजे." त्या थंडीत मावशी गेली. हे मी त्यांना कधी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. तुमच्या रंगीत गोलातही, पोरांनो, कोणाचंच नाव नाही.

आठवडाभर ते परसात दिसले नाहीत. दाढीसुद्धा घरात केली. मला वाटलं, माणूस आतून हलला, आता काहीतरी बदलेल. बदललं. एका सकाळी ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर मालक स्टुलावर चढून परकोटातले खिळे उपटत होते.

"हे काय, भाऊ?"

"पूर्वजायच्या भिंतीले खिळे ठोकते का कोणी, मॅडमबाई?"

त्यांचं सगळं ठरून गेलं होतं. साध्या घरची मुलगी त्यांच्या घरात येणं शक्यच नाही, तेव्हा पणजी राजघराण्यातलीच असणार. तेव्हा ते राजाचे वंशज. तेव्हा ही भिंत त्यांची, किल्ला त्यांचा, आणि साताऱ्याहून आलेले ते चौदा पुरुष म्हणजे या घरचे जावई. मी कागद पुन्हा काढला. यात राजाचा शब्द नाही, असं बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, "कागदात सगळं थोडीच लिवतात?" एवढी वर्षं ज्यांच्यापेक्षा आपण उंच म्हणून मिरवलो, त्यांच्यातले निघालो म्हटल्यावर खाली उतरायचं सोडून हा माणूस थेट सिंहासनावर जाऊन बसला. माझ्या हातचं पाणी तेव्हाही चालत नव्हतंच. राजाला कसं चालणार?

पण याच राजाने अर्चनाला बोलावून सांगितलं, "पोट्ट्याच्या घरी कळव. मी येतो. आपलाच हाय तो."

अर्चना माझ्याकडे येऊन रडली. मी म्हटलं, कारण चुकीचं आहे, पण काम होतंय ना, होऊ दे.

आम्ही जीपने गेलो. मालक, अर्चना आणि मी, कारण मालकांना वाटत होतं की इंग्रजी कागद दाखवायची वेळ आली तर वाचायला कोणी हवं. एटापल्ली मागे पडली तशी सूरजागडची डोंगररांग दिसायला लागली. गावात मोहाच्या झाडाखाली खाटा टाकल्या होत्या. मनोहरचे वडील हयात नव्हते. काका घरातले मोठे. गावातली दहापंधरा माणसं जमली होती. पाणी आलं. मालकांची कळशी जीपमध्येच राहिली आणि त्यांनी समोरचा लोटा उचलून घटाघटा प्यायलं. मी बघत होते.

मग ते उभे राहिले. भाषण त्यांनी घरीच तयार केलं होतं. "तुमी आमाले परके समजू नका. अमेरिकेतून तपासून आणलं हाय. आमीबी गोंडच हाओत. राजाकडचे."

काकांनी मान डोलावली. "बरं झालं जी. किती देवाचे?"

गोंडांमध्ये घराणी देवांवरून मोजतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. मला हे तेव्हा पुसटसं माहीत होतं. मालकांनी मात्र तयारी केली होती. चंद्रपुरात कोणाला तरी गाठून राजघराण्याचे देव किती ते विचारून घेतलं होतं. त्या माणसाने खरं सांगितलं की टोलवलं, कोण जाणे.

"सात," मालक म्हणाले. गुणपत्रिका वाचल्यासारखं.

काका खाटेवरून उठले. बाकीच्यांशी गोंडीत दोन शब्द बोलले. मग एकेक माणूस उठून पुढे आला आणि "जोहार" म्हणत मालकांचे हात हातात घेऊ लागला. एका म्हाताऱ्याने तर त्यांना छातीशी धरलं. मालकांचा चेहरा असा फुलला होता, की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. मीही खूश झाले. अर्चनाकडे पाहिलं तर तिचा रंग उतरलेला. मनोहर खाली मान घालून पायातली चप्पल काढत होता, घालत होता.

"आमीबी सातच," काका म्हणाले. "भाऊ निघालो जी आपण. तुमची पोरगी ते आमची पोरगी. आता मनोहरची बहीण झाली ते."

मालक अजून हसतच होते. "म्हणजे?"

"म्हणजे लगन नाई होत जी. बहीणभावाचं कसं होईन?"

कोणी टोमणा मारला नाही, कोणी हसलं नाही. त्यांनी ते दुःखाने आणि आदराने सांगितलं, आणि लगेच जेवणाची तयारी सुरू केली, कारण भाऊ घरी आला होता. मला राहवलं नाही. मी उभी राहून सांगितलं की कागद फक्त आईकडचा आहे, वडलांकडचं त्यात काही नाही.

काकांनी शांतपणे ऐकलं. "बाई, देव बापाकडून येते. मायकडून नाई येत. हे आमाले कळते. पण यायनं आपल्या तोंडानं सांगतलं, सात. देव सांगणाऱ्या माणसाले आमी खोटा कसं म्हणाव? खोटं असन तं यायनंच सांगाव."

मालक उठून जीपकडे निघून गेले. मी मागे गेले. ते जीपच्या पायरीवर बसले होते.

"भाऊ, उठा आणि खरं सांगा."

"इतक्या लोकायपुढं?"

"इतक्या लोकांपुढेच खोटं बोललात."

त्यांनी चपलेची माती पायरीच्या कडेला घासली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी गेलतो साताऱ्याले. जवान होतो तेव्हा. त्या गावात सगळी नावं म्हणून दाखवली. एकाले ओळख लागली नाई. एका हाटेलवाल्यानं चहा पाजला, तेवढंच. आज पयल्यांदा कोणी मले आपला म्हणून उठून भेटलं, मॅडमबाई. आता त्यायले सांगू, मी तुमचा कोणी नोहो?"

मला वाईट वाटलं. वाटलं ते लपवत नाही. पण रागही तितकाच आला, कारण त्यांच्या या हौसेसाठी तिकडे त्यांची मुलगी मोहाखाली उभी होती, आणि हे आपल्याला कोण भेटलं ते मोजत बसले होते. मी म्हटलं, "तुम्हाला कोणाचं तरी व्हायचंय. तिलाही व्हायचंय. ती तुमच्यापेक्षा जास्त थांबली आहे आणि तिने कोणाला खाली पाडलेलं नाही."

तेवढ्यात अर्चना आली. विनवणी तिने केलीच नाही. "बाबा, जेवून घ्या. मी मनोहरला सांगितलं आहे, यांच्या देवाची रीत मोडून आपण काही करायचं नाही. मी इथूनच ड्युटीवर जाते. तुम्ही मॅडमबाईंबरोबर जा." आणि त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

ते उठले आणि परत मोहाखाली गेले. भाषणासारखे उभे राहिले नाहीत. खाटेच्या काठावर बसून म्हणाले, "सात नाई. पाचबी नाई. देवच नाई माह्याकडं. मी चंद्रपुरात एकाले इचारून आलतो."

मागे दोघंचौघं हसले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं तसे ते गप्प झाले.

"मंग तुमी कोण जी?"

"माह्या मायच्या मायची माय गोंडीन होती. बाकी काई मालूम नाई."

"तं मंग आदी तसंच सांगायचं ना," काका म्हणाले. "भात गार झाला."

जेवणं झाल्यावर त्यांनी वाट काढली. देव नसलेली मुलगी सून करून घेता येत नाही, आणि मायकडून देव मिळत नाही. पण एखाद्या वेगळ्या देवांच्या घराने तिला लेक करून घेतलं, तर त्या घरची म्हणून तिचं लग्न लागू शकतं. शेजारी पाच देवांचं एक घर होतं, नवराबायको, मुलगी नसलेले. ते तिथेच बसून होते आणि बाई तर आधीच अर्चनाचा हात धरून बसली होती.

"म्हणजे मांडवात बाप म्हणून हे बसतीन?" मालकांनी विचारलं.

"हो जी."

"आणि मी?"

"तुमी पाहुणे."

एवढी वर्षं इथला नाही इथला नाही म्हणणाऱ्या माणसाला पाहुणा म्हटल्याचं इतकं लागेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, एवढंच.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मी आणि तुमचे आजोबा गेलो होतो. लेक करून घेताना अर्चनाचे पाय पाच देवांच्या घरात धुतले, आणि त्या घरातून ती निघाली. मालक नवा सदरा घालून पाहुण्यांच्या रांगेत बसले होते. लग्न लागण्याआधी दोन्ही घरच्या मेलेल्या माणसांना जेवण ठेवायची रीत आहे. गावचा पुजारी, त्याला भुमक म्हणतात, पळसाची पानं ओळीने मांडत होता. घरचा एकेकजण पुढे येऊन आपल्या माणसाचं नाव घेत होता आणि पानावर भात ठेवत होता. मनोहरच्या काकांनी त्याच्या वडलांचं घेतलं. पाच देवांच्या बाईने सासूचं घेतलं.

ओळ संपली तेव्हा भुमकाने एक रिकामं पान उचलून मालकांपुढे धरलं.

"तुमची ते बुढी. तिचंबी ठेवा. तिचं तं माहेर हाय हे."

मालक पुढे येऊन उकिडवे बसले. पान खाली ठेवलं आणि हातात भात घेतला.

"नाव घ्या," भुमक म्हणाला.

ते थांबले. सगळे वाट बघत होते. सिंदेवाही आमच्या घरापासून एसटीने किती जवळ होती, आणि ती म्हातारी आदल्या थंडीपर्यंत कशी टुणटुणीत होती, हे मला तिथेच मोठ्याने म्हणावंसं वाटलं. तुमच्या आजोबांनी माझा हात दाबून धरला म्हणून मी गप्प बसले.

"नाव नाई मालूम," मालक म्हणाले.

"तिले मालूम हाय जी," भुमक म्हणाला. "तुमी ठेवा."

वारा सुटला होता आणि पान सारखं उलटत होतं. मालकांनी त्यावर भात ठेवला, मग आणखी थोडा ठेवला, आणि ते उलटत नाही असं पाहिल्यावर हात काढून घेतला.